मेलो, पण का ते कळलं

गेममध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय, असं विचारलं की आजची पोरं ग्राफिक्स म्हणतात, जरा मुरलेली असतील तर स्टोरी म्हणतात. मी मरण म्हणतो. गेम मला मारतो कसा, यावर मी त्याची पारख करतो. मेल्यावर तोंडातून ‘च्यायला, माझंच चुकलं’ निघालं तर गेम चांगला. ‘अरे, मी दाबलं होतं की बटण!’ असं निघालं, तर कितीही देखणा असो, बाद.

ही खोड पार्लरनं लावली. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या काळाचौकी-लालबाग पट्ट्यातल्या कितीतरी घरांत गिरणीचा पगार यायचा थांबला तो थांबलाच. नव्वदच्या दशकात आम्ही व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये घुसायला लागलो, तेव्हा मुठीतला रुपया दुधा-पावाच्या सुट्ट्यातून आलेला असायचा. मागून आणलेला की न मागता, ते विचारू नका. तो रुपया होईल तितका वेळ जगवायचा. पार्लरवाल्याचं गणित बरोबर उलटं. पोरगं लवकर मेलं की पुढचा रुपया. कॅबिनेटच्या आत, बोर्डावर बारक्या स्विचांची रांग असते. लाइफ किती द्यायच्या, गेम किती अवघड ठेवायचा, हे तिथून ठरतं. ‘स्ट्रीट फायटर टू’ला तर अवघडपणाच्या आठ पायऱ्या होत्या. त्यामुळे एकाच गेममध्ये या पार्लरात शेवटच्या बॉसपर्यंत जाणारा पोरगा त्या पार्लरात तिसऱ्या फाइटलाच आडवा व्हायचा.

अवघड असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार लबाडीची. त्याच ‘स्ट्रीट फायटर’मधला गाइल घ्या. सॉनिक बूम मारायचा तर जॉयस्टिक थोडा वेळ मागे दाबून धरावी लागते, मग पुढे ढकलून ठोसा. हा नियम तुम्हा-आम्हाला. कॉम्प्युटरचा गाइल मात्र आपल्या दिशेनं चालत येता येताच बूम फेकतो. त्याच्या हातात जॉयस्टिकच नाही, तो मागे दाबणार काय! ‘कॉम्प्युटर चीटिंग करतो’ हे पोरांचं रडगाणं नव्हतं, शब्दश: खरं होतं. म्हणून शेजारी उभ्या असलेल्याशी खेळायला जास्त गर्दी. त्यालाही तीच सहा बटणं, तेच नियम.

आणि मुस्तफा. कॅपकॉमच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारा मला आमच्याकडे कुणी भेटला नाही. चौघांतला टोपीवाला मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून गेमच त्याच्या नावावर झाला. ठोसा आणि उडी, दोनच बटणं. दोन्ही एकदम दाबली की अंगावर आलेली गर्दी उडते, पण फटका त्यांना लागला की आपलीही थोडी पॉवर जाते. हा सौदा मला अजून आवडतो. सुटका हवी तर मोल मोज, आणि मोल किती ते आधीच माहीत. मुस्तफा खेळताना मी शेकडो वेळा मेलो असेन. फसवलं गेल्यासारखं क्वचितच वाटलं.

पुढे टीव्हीला जोडायच्या स्वस्त मशिनी आल्या, निन्टेंडोच्या नकला. त्यावर ‘कॉन्ट्रा’. एक गोळी लागली की एक लाइफ खल्लास, एवढा निर्दय, तरी न्यायी. गोळ्या संथ येतात, ठळक दिसतात. मान खाली घातली नाही ही चूक कुणाची? तीस लाइफचा तो वर-वर-खाली-खालीवाला कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोटोनं आधी १९८६च्या ‘ग्रॅडियस’मध्ये घातला होता, कारण तपासणीसाठी खेळताना गेम त्यालाच जड जात होता. बनवणाराच मरतो म्हटल्यावर आपण काय लाजायचं!

मारिओची उडी हा तर अभ्यासाचा विषय. बटण हलकं दाबलं की छोटी, धरून ठेवलं की उंच, हवेतसुद्धा थोडं वळता येतं. १९८५च्या त्या पहिल्याच स्टेजमध्ये समोरून एक बुटका चालत येतो. काही न केलं तर तुम्ही मरता. धडा संपला, एक अक्षर न लिहिता. कॅरममध्ये स्ट्रायकर जसा बोटाचं ऐकतो तशी ही उडी ऐकते. क्वीन गेली नाही तर बोर्डाला शिव्या देता येत नाहीत.

गोष्ट, चित्रं, संगीत या सगळ्याला माझा विरोध नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी २०२०मध्ये ‘राजी’ आणला, तेव्हा आपल्याकडच्या देवादिकांची, महालांची चित्रं पडद्यावर बघून मीही हरखलो. पण त्यातही मला जास्त भावली ती राजीची चाल. भावाच्या शोधात निघालेली ती कसरतवाली पोर भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेऊन लाथ घालते. गोष्ट अंगात आली ती तिथून.

मोबाइलवर हेच हरवलं. काचेला बटणाची धार नसते, अंगठा कुठे टेकला ते बघावं लागतं. वर नेटवर्क. ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये मी भिंतीआड पोचलेला असतो, तरी मरतो. कारण मारणाऱ्याच्या फोनवर मी अजून उघड्यावरच दिसत होतो, आणि सर्व्हर बहुतेक वेळा त्याच्या पडद्यावरचं खरं धरतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरही असेल. वेगवेगळ्या अंतरावरच्या शंभर माणसांना एकत्र खेळवायचं तर कुणाचं तरी खरं मानावंच लागतं. पण मेलेल्याला त्यातून काही शिकता येत नाही. पैसे भरा म्हणजे जास्त टिकाल, असं सांगणारे गेम तर मी उघडतच नाही. ती जुन्या पार्लरवाल्याचीच युक्ती, फक्त तो बिचारा रुपयावर थांबायचा.

तेव्हा पोरांसाठी गेम घेणार असाल, तर ट्रेलर बघून घेऊ नका. कुणाकडे तरी दहा मिनिटं स्वतः खेळा. उड्या मारा, दोन-तीनदा मरा. का मेलात ते कुणी न सांगता कळलं, तर खुशाल पैसे द्या.