परातीतला समुद्र

हेब्बाळच्या मुलांना मोठं पाणी माहीत आहे ते तळ्याचं. फ्लायओव्हरवरून जाताना गाडीच्या काचेला नाक लावून पेलिकन बघतात, आणि त्यातली काही त्या तळ्यालाच समुद्र म्हणतात. म्हणणारच. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, मंगळुरूचा किनारा इथून साडेतीनशे किलोमीटर. मी गुहागरची. सोसायटीतली दोन ते चार वर्षांची मुलं शनिवारी दुपारी माझ्याकडे जमायला लागली, तेव्हा खेळायला काय द्यायचं याचा मला विचार करावाच लागला नाही.

समुद्राचं चित्र रंगवायला देणं सोपं. पण अडीच वर्षांच्या मुलाला निळा कागद म्हणजे निळा कागदच. त्याच्या हाताला काहीतरी गार, बुळबुळीत, खरखरीत लागलं पाहिजे, कानाला शिंपल्यांचा खुळखुळाट ऐकू आला पाहिजे.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही समुद्राकाठीच. माँटेसोरीची महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. हल्ली या खेळांसाठी पाण्यात फुगणारे रंगीत मणी मागवतात. ते मी घरात येऊ देत नाही. मुलानं गिळला तर तो पोटातही फुगतो आणि आतडं अडकू शकतं. त्याऐवजी सब्जा भिजवते. वाडगाभर सब्जा बोटांतून निसटायला लागला की मुलं त्याला माशाची अंडी म्हणतात.

मुलांचा सगळ्यात जास्त जीव रमतो तो चायना ग्रासमध्ये. हे अगर-अगर समुद्रातल्या लाल शेवाळापासूनच काढतात, म्हणजे खऱ्या समुद्राचा अंश परातीत आलाच. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम तंतू पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचे. कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं गरम पाण्यात टाकली की गडद निळा रंग उतरतो, तो त्यात गाळायचा. मिश्रण कोमट होऊन जरा धरायला लागलं की त्यात शिंपले खोचायचे. आधी खोचले तर सगळे तळाला जातात. एकदा घट्ट झालं की एप्रिलच्या उन्हातही वितळत नाही. मुलं आधी नुसती चापट मारतात, वडी थरथरली की हसतात, मग नखानं कोरत शिंपल्यापर्यंत पोचतात. शेवटी वर लिंबू पिळायचं. निळ्याचं जांभळं होतं, तेव्हा खोलीत जी आरोळी उठते ती खालच्या मजल्यावर ऐकू जाते.

शिंपले माहेरून आणलेले, तिसऱ्यांचे. मिठाच्या पाण्यात उकळून घेतलेले, कडा पॉलिश पेपरवर घासलेल्या. तोंडात सहज जाईल असा एकही ठेवत नाही, आणि मुलं खेळत असताना मी उठत नाही. वाळूही गुहागरचीच, धुऊन वाळवलेली. इथं बांधकामावर मिळते ती एम-सँड, दगड भरडून केलेली. तिचे कण टोकदार, कोवळ्या हाताला बरे नाहीत. बाटलीतली लाट मात्र इथल्याच सामानाची: अर्धी निळं पाणी, अर्धी सूर्यफुलाचं तेल, झाकण फेविक्विकनं पक्कं. खोबरेल चालत नाही, डिसेंबरात ते गोठतं.

सासूबाईंचं म्हणणं होतं, “अन्नाशी खेळ नको गं.” ते मला पटतं. म्हणून तांदूळ रंगवत नाही, कणीक वाया घालवत नाही. लाटांच्या फेसासाठी छोले शिजवलेलं पाणी घेते, ते नाहीतरी मोरीतच जायचं. गार करून रवीनं घुसळलं की पांढराशुभ्र फेस उभा राहतो.

आई-बाबा न्यायला येतात तेव्हा विचारतात, आज काय बनवलं? घरी न्यायला बहुतेक काही नसतं. भिंतीवर लावता येतील असे एकसारखे कागदी मासे कापून देता येतील, पण ते मासे माझे होतील, मुलांचे नाही.

एका मुलीला ओलं, चिकट काही हाताला लागलेलं खपायचं नाही. आई म्हणायची, “हात लाव ना बाळा, बघ सगळे लावतायत.” ती हात पाठीमागे लपवायची. मी आईला हळूच थांबवलं आणि मुलीला एक लाकडी चमचा दिला. तिनं बरेच शनिवार चमच्यानंच सब्जा ढवळला. मग एकदा चमच्याला चिकटलेलं बी तिनं बोटानं काढलं, निरखलं, फ्रॉकला पुसलं. आता ती सब्ज्यात मनगटापर्यंत हात घालते आणि शेजारच्या मुलाला कानडीत “नीरु, नीरु” म्हणत आणखी पाणी ओतायला लावते. फेसाला अजून शिवत नाही. तिच्यासाठी फेसाच्या वाडग्यात चमचा ठेवलेला असतो.