मॉरिशसला जायचे तर

ऊसपट्ट्यातील गावांतून अलीकडे मॉरिशसचे नाव बरेच ऐकू येते. कुणाचा मुलगा आणि नवी सून लग्नानंतर तिकडे फिरून येतात, कुठे चार-सहा बागायतदार मिळून सहल काढतात. सहल कंपनीच्या कागदावर निळा समुद्र आणि पांढरी वाळू दिसते. ती तिथे आहेच. परंतु शेतकऱ्याच्या घरच्या माणसाने तेवढेच पाहून परत येऊ नये. हे बेट आपल्या एक-दोन तालुक्यांएवढे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. तेवढ्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत आणि पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेली मराठी माणसेही आहेत. म्हणून जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

केव्हा जावे?

हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तिथले ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा व पावसाचे दिवस, तर मे ते ऑक्टोबर थंडीचे. थंडी म्हणजे आपल्या डिसेंबरसारखी, एखादा स्वेटर पुरे. चक्रीवादळे उन्हाळ्यात येतात, जानेवारी ते मार्च त्यांचा जोर अधिक. जानेवारी २०२४ मधील बेलाल वादळात पोर्ट लुई या राजधानीच्या रस्त्यांवर पाणी भरून मोटारी वाहून गेल्या. वादळाचा इशारा तिथे एक ते चार अशा क्रमांकांनी देतात. तिसरा इशारा झाला की मुक्कामाच्या जागेतून बाहेर पडू नये.

तिथला गळीत हंगाम साधारण जून ते डिसेंबर चालतो. तोडणी पाहायची आणि हवाही चांगली हवी, तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्या सुमारास गेल्यास मराठी घरांतील गणपतीही पाहायला मिळतो.

कागदपत्रे आणि पैसा

मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तास लागतात. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परंतु परतीचे तिकीट, मुक्कामाची पक्की पावती आणि खर्चापुरते पैसे विमानतळावर दाखवता आले पाहिजेत. प्रवासाआधी एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो घरी असतानाच पोरांकडून भरून घ्यावा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते पुन्हा एकदा पाहून घ्यावेत. घड्याळ दीड तास मागे करावे.

चलनाला तिथेही रुपयाच म्हणतात, पण त्याचे मोल आपल्या रुपयाहून बरेच जास्त आहे. भाव ऐकून स्वस्त वाटले, तरी हिशेब आपल्या रुपयात करूनच खरेदी करावी. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. रस्त्यावर डाळपुरी मिळते, ती आपल्या पुरणपोळीसारखी पातळ पण तिखट कालवणाबरोबर खायची. लोक आपसात क्रिओल बोलतात. फ्रेंच व इंग्रजीही चालते, आणि हिंदी समजणारे पुष्कळ भेटतात.

सामानात काय नसावे?

इथे माझ्या खात्याची गोष्ट येते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मॉरिशसमध्ये ऊस किंवा उसाचा कोणताही भाग आणि माती नेण्यास सक्त मनाई आहे. बी-बियाणे, रोपे, फळे यांना आधी परवाना लागतो आणि विमानतळावर ती स्वतःहून दाखवावी लागतात. आजीने नातेवाइकांसाठी बांधून दिलेली भाजीची बियाणी, पिशवीतली केळी, चिकट माती लागलेल्या चपला हे सारे घरीच ठेवावे. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. काही वेदनाशामक व झोपेच्या गोळ्यांवर तिथे निर्बंध आहेत.

येतानाही हाच नियम पाळावा. तिथल्या शेतात जोमदार ऊस दिसतो आणि दोन डोळ्यांची एक कांडी पिशवीत टाकण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवान्याशिवाय बेणे आणणे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी बेण्यातून काय येते हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. काणी असो की गवताळ वाढ, रोग कांडीतून शेतात शिरतो आणि मग बांध ओलांडून शेजाऱ्याकडे जातो. बाहेर देशाचे नवे वाण संशोधन केंद्रांमार्फत, तपासणी होऊन येतात. तोच मार्ग बरा. परतल्यावर बूट धुऊन मगच शेतात जावे.

काय पाहावे?

राजधानी पोर्ट लुईत बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर आले. घाट बांधल्यानंतर त्यांतील बहुतेकांनी इथल्याच दगडी पायऱ्या चढून उसाच्या मळ्यांकडे वाट धरली. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा मानले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत नाव, गाव, जिल्हा, जहाज अशा नोंदी आहेत. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसे पुष्कळ होती. त्यांच्या वंशजांची मराठी आता बहुतेक शाळेत शिकावी लागते, पण कोकणच्या जाखडीची आठवण देणारी ‘झाकरी’ अजून चालते. कास्कावेल गावाकडे गेलात तर मराठी मंडळी भेटतील. तिथे वडीलधाऱ्यांना नमस्कार करून मराठीत दोन शब्द बोलावेत, त्यांना फार बरे वाटते.

उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. ते त्या मजुरांनी हातांनी वेचून रचलेले आहेत. दगडही आपल्या ओळखीचाच. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि या बेटाचा पाषाण भूगर्भातील एकाच तप्त स्थानातून निरनिराळ्या काळी वर आला, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

पांपलमूस येथे जुने वनस्पती उद्यान आहे आणि जवळच बो प्लाँ येथे १९९९ साली बंद झालेल्या साखर कारखान्यात संग्रहालय केले आहे. अर्धा दिवस त्याला द्यावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या बेटावर अडीचशेच्या वर लहानमोठे कारखाने होते. आज चालू आहेत तीन. १९७५ च्या करारामुळे युरोप त्यांची साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेत असे. २००६ ते २००९ या काळात तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला गेला आणि करारही संपला. पुष्कळ लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, जमिनी पडीक राहिल्या. उरलेल्यांनी चिपाडावर वीज, मळीपासून मद्यार्क आणि निर्यातीसाठी खास प्रतीची साखर असे मार्ग धरले. तिथे एका लागणीवर सहा-सात खोडवे घेतात. खोडव्याची निगा कशी राखतात, हे कुणी शेतकरी भेटल्यास आवर्जून विचारावे. ठरलेल्या भावावर आणि एका पिकावर सारे घर टाकले की काय होते, हेही त्याच्याकडून ऐकावे. आपल्या ऊसवाल्यांनी ते ऐकण्यासारखे आहे.

समुद्राबाबत

बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत पाणी बहुधा शांत असते. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री येथे ती भिंत तुटलेली आहे. तिथे लाटा फक्त काठावरून पाहाव्यात. विहिरीत पोहणाऱ्यानेही समुद्रात कमरेच्या वर जाऊ नये. पाण्यात रबरी बूट घालावेत, कारण प्रवाळ पाय कापते आणि विषारी काट्यांचा दगडमासा तळाशी ओळखू येत नाही. रंगीत प्रवाळ व शिंपले उचलून आणू नयेत.

पाच-सहा दिवसांचा मुक्काम पुरतो. त्यांतले दोन दिवस समुद्राला द्यावेत, बाकीचे शेत, घाट आणि माणसांना. बरोबर एक वही ठेवावी आणि जे दिसले ते रोज रात्री लिहावे. गावी परतल्यावर ती वही चार शेजाऱ्यांना वाचून दाखवावी. ते उसाची कांडी आणण्यापेक्षा केव्हाही चांगले.