गचक्याचे मूळ

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या पेट्रोल गाडीत चालकाचा पाय इंजिनाकडे एक प्रकारे अर्ज करतो, आणि तो अर्ज केव्हा, कितपत व किती वेगाने मंजूर करायचा हे गाडीतला नियंत्रक संगणक, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ईसीएम म्हणतात तो डबा, ठरवतो. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी, नळीत आडवी बसवलेली गोल झडप होय. जुन्या गाड्यांत ही झडप पोलादी केबलने थेट ॲक्सिलरेटरला जोडलेली असे, त्यामुळे पाय जेवढा हले तेवढी ती उघडे. 1987 मध्ये बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या 750 या महागड्या गाडीत केबलऐवजी विजेच्या तारा आणि मोटर आली, आणि पुढे हीच रचना सामान्य ग्राहकाच्या हॅचबॅकपर्यंत पोचली. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 मानके लागू झाल्यावर हवा-इंधनाचे प्रमाण क्षणभरही ढळू नये यासाठी संगणक झडप अधिकच जपून हलवू लागला. पायाची हालचाल आणि इंजिनाचा प्रतिसाद यांत जे अंतर जाणवते, त्याची काही कारणे येथे आहेत.

या रचनेत पेडलच्या मुळाशी दोन स्वतंत्र सेन्सर असतात. अनेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट राहील अशी योजना असते, म्हणजे दोघांचा हिशेब जुळेनासा झाला की संगणकाला दोष कळतो आणि तो गाडी रखडत का होईना घरी पोचेल इतकीच ताकद देतो. निर्दोष गाडीतही पाय दहा टक्के दाबला म्हणजे झडप दहा टक्के उघडतेच असे नाही, कारण मध्ये एक तक्ता असतो: पायाची अमुक स्थिती आणि इंजिनाचे अमुक फेरे असतील तर किती जोर द्यायचा, हे त्यात आधीच भरलेले असते. शिवाय गोल झडपेची भूमितीही सरळ नाही. साध्या हिशेबाने ती 30 अंश फिरली तर वाटेचा सुमारे 13 टक्के भाग मोकळा होतो आणि निम्मा भाग मोकळा व्हायला 60 अंश लागतात. तरीही कमी फेऱ्यांवर इंजिनाची भूकच लहान असल्याने तेवढ्या थोड्या फटीतूनही त्याचे पोट जवळजवळ भरते. म्हणूनच सगळी कसोटी पेडलच्या पहिल्या चतुर्थांशात लागते, आणि रोजचे वाहन चालवणे घडते तेही त्याच चतुर्थांशात.

अर्जुनी मोरगाव ते नवेगाव बांध आणि तेथून कोहमारा या रस्त्यावर तर हे विशेषच खरे आहे. रोवण्याच्या दिवसांत बांधीतून निघालेला ट्रॅक्टर चिखलाची चाके घेऊन रस्त्यावर चढतो, संध्याकाळी गुरांचा कळप बोडीवरून परततो, जंगलाच्या पट्ट्यात चितळ कधी आडवे येईल याचा नेम नसतो, आणि अशा वाटेवर गाडी बराच काळ दुसऱ्या गिअरमध्ये, रेस सोडत आणि पुन्हा हलकेच देत न्यावी लागते. रेस सोडताच संगणक इंधन तोडतो आणि फेरे ठरावीक मर्यादेखाली आले, किंवा पाय पुन्हा टेकला, की ते सुरू करतो. त्या क्षणी गिअरांच्या दात्यांमधली आणि इंजिनाच्या माउंटिंगमधली ढील एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, आणि हे संक्रमण मऊ झाले नाही तर गाडी गचका देते. प्रस्तुत लेखकाची गाडी असे गचके देऊ लागली तेव्हा तिने चाळीस हजार किलोमीटर ओलांडले होते.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अधिकृत सेवाकेंद्रात ती नेण्यात आली. दीड-दोन तासांचा रस्ता, एक दिवसाचा खाडा आणि परतीसाठी दुसऱ्याची मनधरणी, एवढा प्रपंच पहिल्याच खेपेस झाला. तेथे थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ केल्याचे सांगण्यात आले आणि त्याचे पैसे घेण्यात आले. गाडी परत आली ती अधिक गचके देत, आणि शिवाय उभी असताना फेरे चढलेले. दुसऱ्या खेपेस क्लचप्लेट झिजल्याचे निदान झाले. क्लचप्लेट हा झिजणारा भाग असल्याने तो वॉरंटीत बसत नाही, हे नियमाला धरूनच होते, त्यामुळे लेखकाने मान डोलावली व पैसे भरले. गचका कायम राहिला. तिसऱ्या खेपेस मात्र कोणताही भाग बदलला गेला नाही. जॉबकार्डावर इंग्रजीत एक वाक्य लिहिले गेले, ज्याचा अर्थ असा की गाडीत दोष आढळला नाही आणि ग्राहकाला वाहन चालवण्याच्या योग्य पद्धतीविषयी समज देण्यात आली.

या वाक्याचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. समज देतात ती किरकोळ गुन्ह्यातल्या माणसाला, ठाण्यातून सोडताना. कार्ब्युरेटरच्या मारुती 800 वर चौदा वर्षे घालवलेल्या, पावसाळ्यात मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवरून ती नेलेल्या माणसाला समज देण्यासाठी कोणी निदान त्याच्या शेजारी बसून पाच किलोमीटर यायला हवे होते. प्रत्यक्षात गाडी आवारातच एक फेरी मारून आणण्यात आली होती, आणि हा गचका आवाराच्या गुळगुळीत काँक्रीटवर, थंड इंजिनावर, येतच नसे. शिवाय दोष खरोखरच पायात होता तर क्लचप्लेट कशाची बदलली गेली? आणि दोष क्लचप्लेटमध्ये होता तर ती बदलल्यावर पायाला समज कशाची? हे दोन्ही प्रश्न काउंटरवर विचारले गेले; उत्तरादाखल समाधानाचे किती गुण देणार, याचा अर्ज पुढे करण्यात आला. (त्याच कार्डावर पत्त्यात सडक अर्जुनी लिहिलेले होते, जो निराळा तालुका आहे, पण या चुकीची अर्जुनी मोरगावकरांना जन्मभराची सवय असते.) ते कार्ड अद्याप जपून ठेवलेले आहे, आणि दर वेळी वाचताना तितकाच राग येतो, याला प्रस्तुत लेखकाचा नाइलाज आहे.

उलगडा गावातच झाला. बाजारातल्या एका मिस्त्रीने स्कॅनर लावून पाहिले आणि सांगितले, "साफ केल्यावर गाडीले पुन्हा शिकवा लागते जी, तेच कोणी केलं नाही." या शिकवण्याचा अर्थ असा: इंजिनाच्या पोटातून परत येणारी तेलाची वाफ आणि धूळ झडपेच्या कडेला साचत जाते, तेवढी हवा कमी पडते, म्हणून संगणक झडप थोडी अधिक उघडी ठेवण्याची सवय लावून घेतो आणि ती लक्षात ठेवतो. कडा साफ झाली तरी ही आठवण जुनीच राहते. मग त्याच कोनात जास्त हवा आत शिरते, फेरे चढतात, आणि इंधन तोडण्या-जोडण्याचा मेळ बिघडतो. जुनी नोंद पुसून झडपेची बंद स्थिती नव्याने शिकवण्याला दहा-बारा मिनिटे लागली. थ्रॉटल बॉडी साफ करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद पुसली का, असे विचारूनच पैसे द्यावेत. तसेच त्याआधी माउंटिंगचे रबर, स्पार्क प्लग आणि पेडलखाली सरकलेली पायपुसणी, ही फुकटात किंवा थोडक्यात होणारी तपासणी करून घ्यावी.

गचका पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, आणि येथेच लेखकाच्या हातून ती खरेदी झाली जिच्याविषयी तो एरवी इतरांना सावध करत असे. थ्रॉटल कंट्रोलर नावाची छोटी डबी पेडलचा सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये बसते व व्होल्टेजचा आकडा बदलून पुढे पाठवते. तिने इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही, कारण पाय पूर्ण दाबल्यावर डबीसह आणि डबीविना संगणकाला एकच आकडा मिळतो. स्पोर्ट स्थितीत फक्त पेडलचा शेवटचा टप्पा अलीकडे ओढला जातो आणि इकॉनॉमी स्थितीत पहिला टप्पा ताणला जातो. विक्रेते पिकअप वाढतो असे सांगतात, ती धूळफेक आहे. परंतु मंद स्थितीत हीच डबी आठवडी बाजाराच्या गर्दीतून गाडी लोण्यासारखी नेते, हे नाकारता येत नाही. कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग 53 ओलांडताना मात्र तीच मंदता जिवावर येते: ट्रक अंतरावर दिसतो, पाय दाबला जातो, आणि गाडी विचार करत राहते. वॉरंटी शिल्लक असलेल्या गाडीत अशी डबी आढळली तर दावा नाकारायला निमित्त मिळते, हाही धोका आहे. लेखकाने ती काढली, रोवण्याच्या दिवसांत पुन्हा बसवली, आणि मंडईच्या दिवसांत पुन्हा काढली.

या सर्व काळात लेखकाची पत्नी तीच गाडी चालवत होती, आणि तिच्या हाती ती जवळपास गचकेच देत नसे. ती टाच जमिनीला टेकवून फक्त पंजाने रेस देते व रेस पूर्ण सोडण्याऐवजी किंचित धरून ठेवते, त्यामुळे इंधन तुटण्याचा प्रसंगच क्वचित येतो. केबलच्या गाडीवर शिकलेला पाय मात्र सोडला तर पूर्णच सोडतो. म्हणजे जॉबकार्डावरच्या त्या वाक्यात तथ्याचा अंश होता, असे मानावे लागते, आणि लेखकाने काही महिने तसे मानलेही. पुढे बॅटरी बदलावी लागली, तारा काढल्याने संगणकाने शिकलेले सर्व पुसले गेले, आणि पहिले दोन दिवस गाडी पूर्वीसारखीच उसळत राहिली. त्या वेळी नवेगावहून परतल्यावर चावी टेबलावर टाकत, गाडीला काय झाले आहे, असे पत्नीनेच विचारले.