जिथे झाड होते, तिथून...

परक्या गावात पाऊल टाकल्यावर माणसाला आधी काय हवे असते? कोणी म्हणेल चहा, कोणी म्हणेल अंघोळीला गरम पाणी. मला विचाराल तर मी म्हणेन, दिशा! उगवत कुठली, मावळत कुठली आणि आपले बिऱ्हाड कुठल्या अंगाला, एवढे एकदा डोक्यात बसले की गाव निम्मे आपले झाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वाला, जाऊन पोचलो तो भाच्याच्या आग्रहाखातर. तो नोकरीनिमित्त तिथे राहतो. सकाळी विमानतळावरून त्याने मला घरी आणले, हातात किल्ली ठेवली आणि एक चिठ्ठी दिली.

"मामा, फिरून या. चुकलात तर ही टॅक्सीवाल्याला दाखवा."

चिठ्ठीवर स्पॅनिशमध्ये पत्ता होता आणि खाली त्याचे मराठी: 'जिथे सिनेमा थिएटर होते, तिथून तळ्याकडे दोन चौक, वर २५ वार.'

"घराचा नंबर?" मी विचारले.

"चिठ्ठी पुरे, मामा. इथं असेच पत्ते सांगतात."

"आणि हे थिएटर?"

"ते भूकंपात पडलं." एवढे बोलून भाचा कचेरीला निघूनही गेला!

व्याकरण शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला असा पत्ता स्वस्थ बसू देत नाही. 'होते' हा भूतकाळ कवितेत शोभतो. पोस्टमनने त्याचे काय करावे? पण हळूहळू उलगडा झाला. शहराच्या उत्तरेला शोलोत्लान नावाचे मोठे तळे आहे, म्हणून उत्तरेला म्हणायचे 'तळ्याकडे'. सूर्य वर येतो ती पूर्व म्हणजे 'वर', तो उतरतो ती पश्चिम म्हणजे 'खाली'. आपल्या खेड्यातला म्हातारा 'उगवतीला' आणि 'मावळतीला' म्हणतो, त्याला हे मुळीच समजावून सांगावे लागले नसते. आणि वार? तिथल्या मापाचे नाव 'वारा'. सुमारे ८४ सेंटिमीटरचे हे जुने स्पॅनिश माप. माझ्या कानाला मात्र तो नऊवारी लुगड्यातलाच वार ऐकू आला आणि उगीचच धीर आला.

दुपारी जुन्या कॅथीड्रलपाशी गेलो. २३ डिसेंबर १९७२ रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असताना, नाताळच्या तोंडावर या शहराला भूकंपाने गाठले. हजारो माणसे गेली, शहराचा मध्यभाग कोसळला आणि तो पूर्वीसारखा पुन्हा कधी बांधला गेलाच नाही. शहर आजूबाजूला पसरत गेले. कॅथीड्रलच्या भिंती आणि मनोरे तेवढे उभे आहेत. जवळच, तळ्याच्या बाजूला, १९६९ साली उघडलेले राष्ट्रीय नाट्यगृह आहे. ते त्या रात्रीतून वाचले. त्याला नाव दिले आहे ते रुबेन दारिओ या कवीचे. कवीचे नाव टिकलेले पाहून मराठीच्या मास्तराला बरे वाटले, हे काय सांगायला हवे?

परतताना टॅक्सीवाल्यापुढे चिठ्ठी धरली. पोरगा पंचविशीतला. त्याने एकदा वाचली, मान हलवली आणि मला बरोबर दारात आणून सोडले. ते थिएटर पडल्यानंतर कित्येक वर्षांनी हा जन्मलेला! ना त्याने तिथे सिनेमा पाहिला, ना तिकिटासाठी रांग लावली. पण थिएटर कुठे होते ते त्याला पक्के ठाऊक.

"थिएटरचं काय घेऊन बसलात!" रात्री भाचा म्हणाला. "इथला सगळ्यात प्रसिद्ध पत्ता म्हणजे 'जिथे झाड होते, तिथून'."

मला हसू आले, आणि हसता हसता धोबी तलाव आठवला. त्या तलावात आता पाण्याचा थेंब नाही. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली हलवला, तरी त्या चौकाने नाव सोडले नाही. २०१७ साली नवा, स्वाराविना घोडा तिथे येईपर्यंत मुंबईकर घोड्यावाचूनच काळ्या घोड्यापाशी भेटत राहिले. पुण्याचा लकडी पूल लाकडाचा राहिलेला नाही. इमारत पाडता येते. लोकांच्या तोंडातली जागा पाडायला कुठला भूकंप पुरा पडतो?

पण लगेच मनात आले, ती जागा राहते ती कोणीतरी पुढच्याच्या हाती दिली तरच. पुण्यातला आमचा वाडा पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहिली. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. भाजीवाल्याला ती अजून सांगते, "औदुंबराच्या समोरचं दार." औदुंबर वाड्याबरोबरच गेला. जुना भाजीवाला समजतो. नवा बावरून वर बघतो. शेजारी म्हणतात, वयाचा परिणाम. तिच्यानंतर तो औदुंबर दुसऱ्यांदा तोडला जाईल, या विचाराने त्या रात्री परमुलखात मला झोप येईना. शेवटी उठून फोन लावला. पुण्यात तेव्हा सकाळ होती.

"कुठं उतरलायस रे?" आईने विचारले.

"सिनेमाचं थिएटर होतं ना, तिथून तळ्याकडे दोन चौक."

'होतं म्हणजे?' असे तिने विचारले नाही. म्हणाली, "मग सापडायला सोपं आहे."

"आई, नातवाला खाली घेऊन जा," मी म्हणालो, "आणि औदुंबर नेमका कुठं होता, ते त्याला दाखवून ठेव."

पलीकडे ती क्षणभर गप्प राहिली. मग मुलाला हाक मारल्याचे मला ऐकू आले. फोन तसाच चालू ठेवून दोघे जिना उतरू लागले होते.