नाव, दर्जा आणि राहण्याचे ठिकाण

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जायला पैसे पडत नाहीत. दारात पिशव्या तपासतात, आत दानपेटी दिसते, बस. आम्ही सहकुटुंब गेलो ते अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहायला. आंध्रातील हे दगड १८८० साली या म्युझियममध्ये आले. त्यांच्यापुढे आम्ही तासभर होतो. पण तुम्ही कोण, कुठले, असे कोणी विचारले नाही.

पूर्वी असे नव्हते. १५ जानेवारी १७५९ रोजी म्युझियम उघडले तेव्हाही प्रवेश फुकटच होता. परंतु आधी द्वारपालाकडे लेखी अर्ज द्यावा लागे. त्यात नाव, समाजातील दर्जा आणि राहण्याचे ठिकाण लिहायचे. अर्ज वर जाई, मंजूर झाला तर तिकीट मिळे. फुकट खरे, पण कोणासाठी? ज्याला लिहिता येत नाही तो तिथेच अडला, आणि लिहिता येणाऱ्या मजुराने दर्जा म्हणून काय लिहावे? असा प्रश्न दारात का विचारतात, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. १८१० साली तिकिटाची अट गेली, तरी माणूस दिसायला सभ्य हवा, ही अट राहिलीच.

याच म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब १९२० नंतरच्या लंडनच्या मुक्कामात अभ्यासाला बसत. तिथेही वाचकाचे तिकीट अर्ज करूनच घ्यावे लागे. तेव्हा नावगाव विचारणे मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ते कशासाठी विचारतात, हा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका छोट्या संग्रहालयात मोफत व्याख्यान होते. दारात एक मुलगी, परीक्षेला मुले नेतात तसले पॅड घेऊन उभी. नाव, ईमेल आणि आपल्या पिनकोडसारखा त्यांचा पोस्टकोड, एवढेच लिहायचे. आमच्या सौ.नी लेकीमार्फत विचारले, हे कशाला? मुलीने नीट सांगितले. कोणत्या वस्त्यांतून लोक येतात ते पोस्टकोडवरून कळते, ते अनुदान देणाऱ्यांना दाखवावे लागते. पुढच्या कार्यक्रमाचे पत्र हवे असेल तरच ईमेल द्या आणि चौकोनात खूण करा. काहीच लिहायचे नसेल तरी आत या. आम्ही पोस्टकोड कुठून आणणार? 'मुंबई ७७' लिहून दिले. तिने हसून घेतले.

देणगी देणाऱ्याकडून मात्र तिकडे नाव आणि घरचा पत्ता आवर्जून घेतात. तिथल्या करदात्याने तसा फॉर्म भरून दिला, तर दर पौंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. मोफत संग्रहालयाला अशा पैशांचा मोठा आधार असतो.

आता आपल्याकडे पाहा. मोफत प्रदर्शन, टेबलावर उघडी वही, सुतळीने बांधलेले पेन. नाव, आडनाव, पत्ता, मोबाईल. मागून येणारा प्रत्येकजण वरचे नंबर वाचतो. अशाच एका वहीत आमच्या सुनेने नंबर लिहिला, आणि पुढे आठवडाभर प्लॉट विकणाऱ्यांचे फोन येत राहिले. आडनावाच्या रकान्यापाशी आपल्यातल्या कितीजणांचे पेन थांबते, तेही आम्ही पाहिले आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी, असे त्यात आहे. कागदावरची माहितीही संगणकात चढवली की ती त्या कायद्याच्या कक्षेत येते. पण वही मांडून बसणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात येत्या १४ एप्रिलला पुस्तकांचे प्रदर्शन भरवायचे आहे. येणाऱ्यांना पुढच्या कार्यक्रमाला बोलवायचे तर नंबर हवेतच. वही ठेवावी की चिठ्ठ्या आणि बंद पेटी, यावर कार्यकर्त्यांत वाद चालू आहे. सौ.चे मत पेटीला. चिठ्ठीवर नाव लिहायचे, वाटल्यास फोन. आडनावाचा रकानाच नाही.