पेरभर मलम

स्टेरॉइड हा शब्द उच्चारला की समोरच्या खुर्चीत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक दचकतो. "डॉक्टर, स्टेरॉइड नको, सवय लागते म्हणतात." दुसरा दचकत नाही, कारण गेलं वर्षभर आपण तेच चोळतोय याचा त्याला पत्ताच नसतो. मेडिकलवाल्याने 'खाजेची ट्यूब' म्हणून दिलेली असते आणि ती त्याच्या खिशातच असते. माझा बराचसा वेळ पहिल्याला धीर देण्यात आणि दुसऱ्याची ट्यूब काढून घेण्यात जातो.

औषध गुणाचं आहे, यात वाद नाही. 1952 साली सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट त्वचेवर लावून त्याचा गुण दाखवून दिला. त्याआधी इसबाच्या रोग्याला कोलटारची वासाची, काळी मलमं फासून दिवस काढावे लागत. इसबात काय किंवा सोरायसिसमध्ये काय, शरीराच्या संरक्षक पेशी नको तिथे खवळलेल्या असतात. स्टेरॉइड त्यांना शांत करतं, तशी लाली ओसरते, खाज थांबते आणि रोग्याला रात्रीची झोप लागते.

खरी गल्लत ताकदीची होते. हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूबवर 1 टक्का छापलेलं असतं, क्लोबेटासोलवर 0.05 टक्के. शिकलेसवरलेले लोकही दुसरी ट्यूब सौम्य समजून घेतात. प्रत्यक्षात क्लोबेटासोलची ताकद हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे 600 पट मानली जाते. तळपायाच्या जाड कातडीवरच्या सोरायसिसला ते लागतं, तेही साधारण दोन आठवडे. चेहऱ्यावर त्याचं काम नाही. कारण जागेप्रमाणे त्वचा औषध कमीजास्त शोषते. फेल्डमन आणि मेबाक यांनी 1967 मध्ये हे मोजलं: हाताच्या मनगटाकडच्या भागात जेवढं हायड्रोकॉर्टिसोन शोषलं जातं, त्याच्या 6 पट कपाळावर, 13 पट जबड्यावर आणि 42 पट वृषणाच्या त्वचेत. खाज नेमकी जांघेत सुटते आणि ट्यूब नेमकी तिथेच रिकामी होते. मग कातडी पातळ पडते, तांबडे चरे उमटतात. लाली पुढे फिकटते, चरे जन्मभर राहतात.

नायट्याची तर निराळीच कथा. पावसाळ्यात ओलसर कपड्यांत बुरशी फोफावते. दुकानातून मिळणाऱ्या मिश्र मलमात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर जोरकस स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस खूश. पण खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी आत पसरतच राहते आणि तिची ओळखीची गोल कडही पुसली जाते. तीच ट्यूब घरात सगळ्यांना फिरते. आज आपल्याकडे नायटा हट्टी झालाय, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यात या मलमांचा वाटा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

चेहऱ्याचं दुखणं लग्नसराईत वाढतं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळल्यासारखा दिसतो. वांगासाठी काही आठवड्यांपुरतं लिहून दिलेलं मलम मग गोरेपणाचं क्रीम होऊन बसतं. बंद केलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते, मुरमं उठतात. घाबरून पुन्हा लावलं जातं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका बहुकेंद्री पाहणीत चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रोग्यांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत. कायदा झाला, काउंटरवर फारसं बदललेलं मला दिसत नाही.

आता पहिल्या, दचकणाऱ्या माणसाकडे वळतो. बहुधा ती लहान मुलाची आई असते. पोर इसबाने रात्रभर खाजवतं आणि ही मुगाएवढं मलम आख्ख्या पायाला पुरवते. गुण येत नाही, मग "स्टेरॉइडनेही बरं वाटलं नाही" म्हणते. तिला मी तर्जनी पुढे करायला सांगतो. शेवटच्या पेराच्या रेघेपासून टोकापर्यंत ट्यूबमधून मलमाची सरळ रेघ काढायची. हे झालं मोठ्या माणसाचं पेरभर, साधारण अर्धा ग्रॅम. दोन तळव्यांएवढ्या, बोटांसकट, जागेला ते पुरतं. मोठ्या माणसाच्या एका हाताला तीन पेरं लागतात, एका पायाला सहा. म्हणजे दोन्ही पायांना रोज एकदा लावलं तर 15 ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते. मुलांना वयाप्रमाणे कमी. बहुतेकांना दिवसातून एकदा पुरतं, आणि लंगोटाखाली किंवा डायपरखाली जपूनच, कारण झाकलेल्या जागी औषध जास्त मुरतं. वारंवार उलटणाऱ्या इसबात बरं झाल्यावरही जुन्या जागी आठवड्यातून दोनदा लावायला आम्ही सांगतो, तेव्हा आया माझ्याकडे संशयाने पाहतात. पण त्यानेच एकूण औषध कमी लागतं. जोडीला साधं मॉइश्चरायझर भरपूर. आणि हो, इसबाच्या मुलाला दिवाळीत उटणं घासू नका.

घरात अशी ट्यूब असेल तर ती शेजारणीला देऊ नका, डोळ्यांजवळ लावू नका. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावत असाल तर मनानेच एकदम बंदही करू नका. सोडवायची रीत असते. दाखवायला याल तेव्हा ट्यूब खोक्यासकट घेऊन या. "ती निळी-पांढरी" एवढ्या वर्णनावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही.