बोगी म्हणजे डबा नव्हे!

भिलाई म्हटले, की पोलाद कारखान्याची उंच धुरांडी आणि लालबुंद तापलेले लोखंड डोळ्यांसमोर येते. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी येथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. देशभरातल्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतला फार मोठा वाटा भिलाईचा आहे.

हे शहर हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर वसले आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे या ब्रिटिश कंपनीने या मार्गाचा इथला भाग बांधला. नागपूरहून येताना दुर्ग मागे पडले, की लागते भिलाई नगर. येथे कारखान्याच्या निमित्ताने सगळ्या प्रांतांतली माणसे येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. फलाटावर कोणतीही भाषा कानी पडो, एक प्रश्न हमखास ऐकू येतो, “आपली बोगी कुठे येणार?”

गंमत अशी, की बोगी म्हणजे डबा नव्हेच!

ब्रिटनमधले सुरुवातीचे डबे आखूड असत. घोडागाडीचे दोन-तीन सांगाडे जोडून एका चौकटीवर ठेवावेत, तसे त्यांचे रूप. चाके चौकटीला घट्ट बसवलेली. असा डबा लांब केला, तर वळणावर चाके अडू लागत. तेव्हा युक्ती निघाली. डब्याच्या दोन्ही टोकांखाली चाकांचा एकेक स्वतंत्र, फिरता गाडा बसवायचा. या गाड्याचे नाव बोगी. त्यावरचा डबा तो ‘बोगी कॅरेज’. आपल्याकडे बोलताबोलता ‘कॅरेज’ गळले आणि चाकांचे नाव अख्ख्या डब्याला चिकटले.

‘कंपार्टमेंट’ची कथा मात्र गंभीर आहे. जुन्या डब्यात एकेक खोली पूर्ण बंद असे. दार थेट फलाटावर उघडे. शेजारच्या खोलीत जायला वाट नसे. गाडी सुटली, की माणूस आत कोंडल्यासारखाच. १८६४ मध्ये लंडनजवळ अशाच एका खोलीत टॉमस ब्रिग्ज या प्रवाशाचा खून झाला. कुणाला हाक मारण्याची सोय नव्हती. या घटनेने ब्रिटन हादरले आणि १८६८ च्या कायद्याने, दूर अंतर न थांबता जाणाऱ्या गाड्यांत प्रवाशाला गार्डला इशारा देता येईल अशी व्यवस्था सक्तीची झाली. आज आपल्या डब्यात दिसणारी धोक्याची साखळी त्याच व्यवस्थेच्या वंशातली!

पुढे खोल्यांच्या कडेने आतला रस्ता, म्हणजे ‘कॉरिडॉर’ आला. दोन डबे जोडणारा, घडीच्या भिंतींचा झाकलेला मार्ग तो ‘वेस्टिब्यूल’. लहान, दोघांपुरती खोली ती ‘कूपे’. एकाच डब्यात दोन वर्ग असले, तर तो ‘कंपोझिट’. गार्डची आणि हाताने लावायच्या ब्रेकची जागा ती ‘ब्रेक व्हॅन’.

या शब्दांबरोबर माणसांच्या पायऱ्याही आल्या. पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा असे वर्ग आपल्याकडे होते. तिसऱ्या वर्गातले हाल गांधीजींनी १९१७ मध्ये जाहीरपणे मांडले. ‘तिसरा वर्ग’ हे नाव पुसले जायला मात्र १९७४ साल उजाडावे लागले.

जुने डबे गेले, पण शब्द राहिले. पुढच्या वेळी भिलाईच्या फलाटावर गाडी थांबली, की डब्याच्या बाजूला रंगवलेली अक्षरे मुलांना वाचून दाखवा. ‘डब्ल्यू’ दिसला, तर त्या डब्याला वेस्टिब्यूल आहे. ‘एसएलआर’मधला ‘आर’ म्हणजे ब्रेक व्हॅन. गार्डचे पदनाम २०२२ मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ झाले, तरी हा ‘आर’ टिकून आहे.

हौस असेल, तर परतीच्या वाटेवर नागपूरला उतरावे. मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे.

“आपली बोगी कुठे येणार?” हे विचारणे काही थांबणार नाही आणि थांबवायचे कारणही नाही. फक्त एकदा खाली वाकून चाकांकडे पाहावे. खरी बोगी तिथे आहे आणि तिच्याखालचा रूळ बहुधा भिलाईचाच!